पावसाचा सर्वांत मोठा खंड एका क्वेरीत: पोस्टग्रेसमध्ये स्वतःचं अ‍ॅग्रिगेट फंक्शन लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'पर्जन्य' नावाचं टेबल आहे आणि त्यात मंडळ, दिनांक आणि त्या दिवशीचा पाऊस मिलिमीटरमध्ये आहे. जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येक महसूल मंडळात पावसाचा सर्वांत मोठा खंड सलग किती दिवसांचा होता, हे काढायचं आहे. सध्या सगळा डेटा पायथॉनमध्ये ओढून लूप चालवला जातो. त्याऐवजी सम, अ‍ॅव्हरेजसारखं स्वतःचं फंक्शन (अनेक ओळींतून एक उत्तर काढणारं, म्हणजे अ‍ॅग्रिगेट) लिहून ग्रुप बायमध्ये, म्हणजे मंडळवार गट करताना, थेट वापरता येईल का, आणि ते फार हळू चालेल का?

वापरता येईल, आणि या कामाला ते हळूही पडणार नाही. मात्र क्रिएट अ‍ॅग्रिगेट हे विधान लिहिणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. खरं काम त्याआधीचं आहे. नोंद नसलेल्या दिवसाचं काय करायचं, ओळी उलटसुलट क्रमाने आल्या तर काय होईल, एकही नोंद नसलेल्या मंडळाला काय उत्तर द्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवलं नाही तरी फंक्शन चालतं आणि आकडाही देतं. तो आकडा चुकीचा आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पावसाच्या खंडाच्या आकड्यावर पुढे शेतकऱ्यांविषयीचे निर्णय होऊ शकतात. म्हणून मी उत्तराचा बराच भाग याच गोष्टींवर घालवणार आहे.

आधी आतली रचना पाहू. प्रत्येक अ‍ॅग्रिगेटजवळ एक स्टेट असतं, म्हणजे आतापर्यंत पाहिलेल्या ओळींचा सारांश. नवी ओळ आली की ट्रान्झिशन फंक्शन जुनं स्टेट आणि नवी किंमत घेऊन नवं स्टेट परत करतं. गट संपला की फायनल फंक्शन त्या स्टेटमधून उत्तर काढतं. पोस्टग्रेसमधली डबल प्रिसिजन आकड्यांची सरासरीसुद्धा अशीच चालते. तिचं स्टेट तीन आकड्यांचं अ‍ॅरे असतं, सुरुवातीला तिन्ही शून्य असतात, आणि त्याच स्टेटवरून स्टँडर्ड डेव्हिएशनही निघतं. तुमच्या फंक्शनसाठी ठरवायची मुख्य गोष्ट म्हणजे या सारांशात नेमकं काय जपायचं.

पहिला विचार साहजिकच दोन आकड्यांचा येतो: चालू खंड किती दिवसांचा झाला आणि आतापर्यंतचा कमाल खंड किती. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो तो पावसाचा दिवस. म्हणजे त्याहून कमी पाऊस असेल तर चालू खंड एकने वाढवायचा आणि कमाल तपासायचा, नाहीतर चालू खंड शून्यावर आणायचा. इथेच एक नेहमीची चूक होते. कमाल खंड फक्त पाऊस पडून खंड मोडला तेव्हाच तपासला, तर ३० सप्टेंबरपर्यंत चाललेला शेवटचा खंड मोजणीतून निसटतो. कमाल प्रत्येक कोरड्या दिवशी तपासा.

आता ही दोन आकड्यांची रचना कुठे फसते ते पाहू. समजा १ ते १० जुलैचा पाऊस अनुक्रमे असा आहे: ०, ०, १२, ०, १, नोंद नाही, ०, २.४, २.५, ०. सहा तारखेला आकडाच नाही, कॉलममध्ये नल आहे.

ट्रान्झिशन फंक्शन स्ट्रिक्ट ठेवलं तर नल असलेली ओळ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग ४, ५, ७, ८ या तारखा एकमेकींना चिकटतात आणि उत्तर ४ येतं. स्ट्रिक्ट न ठेवता केस विधानात 'पाऊस २.५ किंवा जास्त असेल तर शून्य, एल्स एकने वाढव' असं लिहिलं, तर नलशी केलेली तुलना खरी ठरत नाही, ओळ एल्समध्ये पडते आणि सहा तारीख कोरडी मोजली जाते. उत्तर ५. अज्ञात दिवस खंड मोडतो असं धरलं तर उत्तर २. दहा दिवसांच्या एकाच डेटाची तीन उत्तरं झाली, आणि यातलं एकही देताना डेटाबेस तक्रार करत नाही. माझ्या मते ४ हे उत्तर कुठल्याही अर्थाने समर्थनीय नाही, कारण तो खंड प्रत्यक्षात पाच दिवस पसरलेला आहे आणि त्यातल्या एका दिवसाचं आपल्याला काहीच ठाऊक नाही. २ आणि ५ या दोन्हींना मात्र अर्थ आहे: खात्रीने म्हणता येईल असा खंड २ दिवसांचा, आणि जास्तीत जास्त शक्य असलेला ५ दिवसांचा. दोन्ही काढावेत. कसे, ते पुढे येतंच.

दुसरी अडचण याहून लपलेली आहे. काही टेबलांमध्ये नोंद नसलेल्या दिवसाची ओळच नसते. ओळ नसेल तर अ‍ॅग्रिगेटला तो दिवस होता हेच कळत नाही, कारण त्याला तारीख दिलेलीच नाही. म्हणून तारीख हाही आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली किंमत) हवा आणि मागची तारीख स्टेटमध्ये हवी. ती आली की जून ते सप्टेंबरच्या अनेक वर्षांच्या ओळी एकाच गटात आल्या तरी ३० सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीचा १ जून आपोआप वेगळे राहतात.

तिसरा बदल मी आग्रहाने सुचवेन. २.५ ही मर्यादा फंक्शनच्या पोटात ठेवू नका. पावसाचा आकडा देण्याऐवजी अट द्या, म्हणजे दुसरा आर्ग्युमेंट बूलियन (खरं किंवा खोटं) ठेवा. फंक्शनला पावसाशी देणंघेणं नको. अट सलग किती दिवस खरी होती एवढंच त्याने मोजावं. मग तेच फंक्शन सलग पावसाच्या दिवसांना, उष्णतेच्या लाटेला, थंडीच्या कडाक्याला चालतं. पाऊस नल असेल तर 'पाऊस < २.५' ही अटही नल होते, त्यामुळे अज्ञातपण वाटेत हरवत नाही. नावही त्याप्रमाणे 'सलग_दिवस' ठेवू.

आता स्टेटसाठी एक कंपोझिट टाइप करा. त्यात चार गोष्टी: मागचा दिवस, चालू, कमाल आणि नोंदी. नोंदी म्हणजे अट खरी की खोटी हे ज्या दिवसांचं माहीत आहे अशा दिवसांची संख्या. सुरुवातीच्या किमतीत, म्हणजे इनिटकंडमध्ये, मागचा दिवस कोरा आणि बाकी तिन्ही शून्य.

ट्रान्झिशन फंक्शन पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या भाषेत लिहा, स्ट्रिक्ट ठेवू नका, इम्युटेबल (त्याच किमतींना नेहमी तेच उत्तर देणारं) ठेवा. त्याचं काम असं चालेल. तारीख नल असेल तर स्टेट जसंच्या तसं परत करायचं. आलेली तारीख मागच्या दिवसाइतकीच किंवा त्याच्याही आधीची असेल तर रेझ एक्सेप्शन, काम तिथेच थांबवायचं. अट नल असेल तर चालू शून्य. अट माहीत असेल तर नोंदी एकने वाढवायच्या. मग अट खोटी असेल तर चालू शून्य. खरी असेल तर ही तारीख मागच्या दिवसाला लागूनच आहे का ते पाहायचं. लागून असेल तर चालू एकने वाढतो, नसेल तर चालू १ पासून सुरू होतो, आणि लगेच कमाल तपासला जातो. शेवटी मागचा दिवस म्हणून ही तारीख ठेवून द्यायची. पहिल्या ओळीला मागचा दिवस नल असतो. पीएल-पीजीएसक्यूएलच्या इफमध्ये नल अट खरी धरली जात नाही, त्यामुळे एक्सेप्शन येत नाही आणि चालू १ पासून सुरू होतो. वेगळी व्यवस्था लागत नाही.

तारीख मागे गेली तर एक्सेप्शन, ही ओळ अनावश्यक वाटेल. माझ्या दृष्टीने या फंक्शनमधली ती सर्वांत मोलाची ओळ आहे. ग्रुप बाय करताना गटातल्या ओळी कुठल्या क्रमाने येतील याची पोस्टग्रेस कसलीही हमी देत नाही. डेटा तारखेप्रमाणे भरला असेल तर चाचणीत सगळं बरोबर दिसतं. नंतर कोणी जुन्या नोंदी दुरुस्त करतं, अपडेट झालेल्या ओळींच्या नव्या प्रती टेबलात दुसरीकडे जाऊन बसतात, आणि त्याच क्वेरीचं उत्तर गुपचूप बदलतं. सम आणि काउंटला क्रमाने फरक पडत नाही, म्हणून ही सवय आपल्याला नसते. 'सलग_दिवस'ला मात्र क्रम हवाच, आणि तो आर्ग्युमेंटच्या कंसातच सांगायचा:

सिलेक्ट मंडळ, सलग_दिवस(दिनांक, पाऊस < २.५ ऑर्डर बाय दिनांक) फ्रॉम पर्जन्य ग्रुप बाय मंडळ;

अ‍ॅग्रिगेटच्या कंसातला हा ऑर्डर बाय ९.० आवृत्तीपासून चालतो. कोणी तो विसरलं आणि ओळी उलट आल्या, तर आता चुकीचा आकडा न येता एरर येईल. एका मंडळाची एकच तारीख दोनदा भरली गेली असेल तर तीही इथेच पकडली जाते. एररच्या मजकुरात ती तारीख आणि 'कंसात ऑर्डर बाय दिनांक आहे का ते पाहा' अशी स्पष्ट सूचना लिहा. दोन वर्षांनी तुमच्या जागी आलेल्या माणसाला ती उपयोगी पडेल.

फायनल फंक्शन लहान आहे: नोंदी शून्य असतील तर नल, नाहीतर कमाल. ही नोंदींची मोजणी कशासाठी, तर पुढच्या प्रसंगासाठी. मंडळांच्या मास्टर टेबलाला पर्जन्य टेबल लेफ्ट जॉइन केलं (म्हणजे नोंद नसलेली मंडळंही राखून जोडलं) आणि एखाद्या मंडळाचं पर्जन्यमापक हंगामभर बंद होतं, तर त्या मंडळाची एकच ओळ येते, तारीख आणि पाऊस दोन्ही नल असलेली. नोंदी मोजल्या नसत्या तर उत्तर शून्य आलं असतं. अहवालात शून्याचा अर्थ 'इथे एकही कोरडा दिवस नाही' असा वाचला जातो. जिथली माहितीच नाही ते मंडळ सर्वांत चांगल्या पावसाचं ठरतं. पोस्टग्रेसचं सम रिकाम्या गटाला शून्य देत नाही, नल देतं, आणि काउंट शून्य देतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमच्या फंक्शनने यातला कुठला मार्ग धरायचा हे तुम्ही जाणूनबुजून ठरवा, इनिटकंडमुळे जे होईल ते होऊ देऊ नका.

आता क्रिएट अ‍ॅग्रिगेटमध्ये एसफंक म्हणून ट्रान्झिशन फंक्शन, एसटाइप म्हणून तो कंपोझिट टाइप, फायनलफंक आणि इनिटकंड एवढंच द्यायचं. आवृत्ती १२ पासून क्रिएट ऑर रिप्लेस अ‍ॅग्रिगेटही चालतं.

खात्रीचा आणि शक्य असलेला, असे दोन्ही खंड एकाच क्वेरीत मिळतात. एका कॉलममध्ये वरचीच अट द्यायची. दुसऱ्यात कोअ‍ॅलेस (नलऐवजी दिलेली किंमत घेणारं फंक्शन) वापरून नल अट खरी धरायची:

सलग_दिवस(दिनांक, कोअ‍ॅलेस(पाऊस < २.५, ट्रू) ऑर्डर बाय दिनांक)

वरच्या दहा दिवसांना पहिला कॉलम २ देईल, दुसरा ५. दोन्ही सारखे आले ती मंडळं निकालात निघाली. फरक असेल त्यांच्या नोंदवह्या उघडून पाहायच्या. ओळच नसलेल्या तारखांसाठी मात्र आधी जनरेट सिरीजने १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस तयार करून, मंडळांशी क्रॉस जॉइन करून (प्रत्येक मंडळाला प्रत्येक दिवस), त्यावर पर्जन्य टेबल लेफ्ट जॉइन करा. तारीख त्या तयार केलेल्या यादीतली घ्या, पर्जन्य टेबलातली नाही. यातली एक गोष्ट विसरू नका. असं केलं की बंद मंडळाच्या ओळींनाही तारीख असते, त्यामुळे पहिला कॉलम नल देतो आणि दुसरा १२२. दोन्ही आपापल्या अर्थाने खरे आहेत, पण नुसता दुसरा कॉलम अहवालात गेला तर अनर्थ होईल. दोन्ही कॉलम नेहमी जोडीने दाखवा.

तारखेबद्दल एक सूचना या विषयाच्या बाजूची, तरी महत्त्वाची. हवामान विभागाचा दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. डेटा दोन ठिकाणांहून येत असेल आणि एकाने तो मोजल्याच्या दिवशी, दुसऱ्याने आदल्या दिवशी टाकला असेल, तर खंडाच्या कडा एका दिवसाने सरकतात. कुठलंही फंक्शन हे ओळखू शकत नाही. टेबलात डेटा भरतानाच तो एका पद्धतीवर आणा.

वेगाचं काय? महाराष्ट्रात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळं आहेत. एका हंगामाच्या १२२ दिवसांच्या हिशेबाने अडीच लाखांच्या आसपास ओळी होतात. एवढ्याला पीएल-पीजीएसक्यूएल पुरेसं आहे. साध्या एसक्यूएल भाषेत ट्रान्झिशन फंक्शन लिहिलं तर ते जास्त वेगाने चालेल असा समज असतो, कारण इतर ठिकाणी अशी फंक्शनं क्वेरीतच सामावली जातात. अ‍ॅग्रिगेटच्या ट्रान्झिशन फंक्शनबाबत तसं होत नाही, ते दर ओळीला वेगळं बोलावलं जातं. कोट्यवधी ओळी असतील तर सी भाषेत लिहून इंटर्नल टाइपचं स्टेट ठेवता येतं, पण भाड्याच्या क्लाउड डेटाबेसवर सहसा स्वतःचं सी फंक्शन चढवू देत नाहीत. त्याआधी मंडळ आणि दिनांक या दोन कॉलमांवर मिळून इंडेक्स करा. आवृत्ती १६ पासून कंसातल्या ऑर्डर बायला लागणारा क्रम पोस्टग्रेस अशा इंडेक्सवरून घेऊ शकतं, प्रत्येक गटाची वेगळी क्रमवारी लावावी लागत नाही. एक्सप्लेन अ‍ॅनलाइज (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) चालवून तुमच्या डेटावर खरंच तसं होतंय का ते पाहा.

पॅरलल, म्हणजे काम अनेक वर्करमध्ये वाटून, चालवण्याचा मोह मात्र इथे टाळा. ९.६ पासून अ‍ॅग्रिगेटला कंबाइन फंक्शन देता येतं. वेगवेगळ्या वर्करनी आपापल्या ओळींची स्टेट तयार करायची आणि कंबाइनने ती जोडायची. दोन मंडळांच्या पावसाची क्षेत्रफळाच्या भाराने सरासरी काढायची असेल तर हे उत्तम जमतं, कारण दोन बेरजा जोडल्या की काम झालं. खंडाचं तसं नाही. सुरुवातीचा खंड, शेवटचा खंड आणि एकूण लांबी स्टेटमध्ये जपली तर लागून असलेले दोन कालखंड जोडता येतात हे खरं. पण पोस्टग्रेस वर्करना ओळी तारखेप्रमाणे वाटून देत नाही, जो ब्लॉक हाती येईल तो देतं. म्हणून ओळी कशाही वाटल्या आणि कुठल्याही क्रमाने जोडल्या तरी तेच उत्तर येणार असेल, तरच कंबाइन फंक्शन द्या. जिथे देता तिथे इनिटकंड असं हवं की ते जोडल्याने काहीच बदलू नये, कारण प्रत्येक वर्कर स्वतंत्रपणे त्याच्यापासूनच सुरुवात करतो. आणि पॅरलल सेफ हा शेरा अ‍ॅग्रिगेटवरच द्यावा लागतो. आतल्या फंक्शनवर दिलेला शेरा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) पाहत नाही.

भाराने सरासरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ती बरेच जण पाऊस गुणिले क्षेत्रफळ यांच्या बेरजेला क्षेत्रफळांच्या बेरजेने भागून काढतात. एखाद्या मंडळाचा पाऊस नल असेल तर वरच्या बेरजेतून ते मंडळ गळतं, खालच्या बेरजेत मात्र त्याचं क्षेत्रफळ राहतं, आणि तालुक्याची सरासरी कमी दिसते. क्षेत्रफळाच्या बेरजेला 'पाऊस इज नॉट नल' असा फिल्टर लावून हे सुटतं. पण हेच सूत्र वीस अहवालांत पुन्हा पुन्हा लिहिलं जात असेल, तर ते एका अ‍ॅग्रिगेटमध्ये बंद करणं मला जास्त पटतं.

'सलग_दिवस' ओव्हरबरोबर विंडो म्हणूनही, म्हणजे गटाची एकच ओळ न करता प्रत्येक ओळीसमोर उत्तर देत, लगेच चालतं. तिथे कंसातला ऑर्डर बाय चालत नाही, क्रम ओव्हरच्या कंसात द्यायचा. पार्टिशन बाय मंडळ, ऑर्डर बाय दिनांक दिलं की प्रत्येक तारखेसमोर त्या दिवसापर्यंतचा कमाल खंड मिळतो, आणि स्टेट पुढे सरकत जात असल्याने हे स्वस्तात होतं. अशा वापरात फायनल फंक्शन दर ओळीला बोलावलं जातं, म्हणून त्याने स्टेटला हात लावता कामा नये. 'गेल्या ३० दिवसांतला खंड' अशी सरकती चौकट हवी असेल तर दर वेळी संपूर्ण चौकट पुन्हा मोजली जाते. ते टाळायला ९.४ पासून चौकटीबाहेर गेलेली ओळ वजा करणारं इन्व्हर्स फंक्शन देता येतं. आपल्या स्टेटला ते देता येत नाही, कारण पहिला दिवस काढल्यावर कमाल खंड कमी झाला तर दुसऱ्या क्रमांकाचा खंड कोणता होता हे त्याने जपलेलंच नाही. दररोजच्या नोंदींना हा खर्च जाणवत नाही, तासागणिक येणाऱ्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदींना जाणवेल.

हे सगळं करायलाच हवं का? हिशेब एकदाच करायचा असेल तर नको. फक्त कोरड्या तारखा घ्या, प्रत्येक मंडळात रो नंबर (तारखेच्या क्रमाने अनुक्रमांक) काढा आणि तारखेतून तेवढे दिवस वजा करा. सलग तारखांना हे उत्तर सारखंच येतं. त्यावर गट करून मोजा आणि त्यातला कमाल घ्या. नल दिवस आणि नसलेल्या तारखा यात आपोआप खंड मोडतात. मात्र ज्या मंडळात एकही कोरडा दिवस नाही आणि ज्याची नोंदच नाही, ती दोन्ही निकालातून सारखीच गायब होतात. तुमचा अहवाल मंडळ, तालुका, जिल्हा, वेगवेगळी वर्षं आणि वेगवेगळ्या मर्यादा अशा पाच-सात तऱ्हांनी निघणार असेल तर अ‍ॅग्रिगेट लिहिण्याचे कष्ट वसूल होतात. तालुक्याला हे लावताना आधी एका दिवसाचा एकच आकडा करून घ्या, नाहीतर अनेक मंडळांची एकच तारीख पुन्हा पुन्हा येईल आणि एक्सेप्शन तुम्हाला अडवेलच.

चाचणीला टेबल लागत नाही. फ्रॉममध्ये व्हॅल्यूज लिहून दहा-बारा ओळींवर तपासा: वरचे दहा दिवस, एकही ओळ नाही, सगळे नल, सगळे कोरडे, हंगामाच्या शेवटाला चिकटलेला खंड, मधली एक तारीख गायब, आणि मुद्दाम उलटा क्रम. शेवटच्या चाचणीत एरर आली पाहिजे.

दुसऱ्या डेटाबेसवर हेच करायचं असेल तर विचार तोच, साचा वेगळा. एसक्यूलाइटमध्ये पायथॉनचा एक क्लास लिहायचा, त्यात स्टेप आणि फायनलाइज या दोन मेथड असतात. ते फंक्शन त्या कनेक्शनपुरतंच जगतं, दुसऱ्या टूलमधून तीच फाइल उघडली तर सापडत नाही. कंसातला ऑर्डर बाय तिथे ३.४४ पासून मिळतो. ओरॅकलमध्ये ९आय पासून इनिशियलाइज, इटरेट, मर्ज, टर्मिनेट अशी चार रूटीन असलेला ऑब्जेक्ट टाइप करावा लागतो. मारियाडीबीत १०.३ पासून स्टोअर्ड अ‍ॅग्रिगेट आहे आणि त्यात लूपमध्ये फेच ग्रुप नेक्स्ट रो म्हणत ओळी घ्यायच्या. मायएसक्यूएलला मात्र सी किंवा सी++ मध्येच लिहावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ पासून डॉट नेटमध्ये लिहिता येतं, पण तिथे ओळींच्या क्रमाची हमी नाही. त्यामुळे खंडासारख्या कामाला तिथे मी रो नंबर वजा करण्याचीच पद्धत वापरेन.